गोळी आणि चहा यांच्यातला पाऊण तास

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा चालत नाही. आमच्या घरात ही गोळी एकीची, मधुमेह दुसऱ्याचा, आणि चहाची घाई दोघांची. वर्षभर रोज ज्ञानेश्वरी वाचायचा नेम टिकला तो या रिकाम्या पाऊण तासामुळे. पावणेसहाला गोळी, सहाला पोथी, साडेसहाला चहा. नेमासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही. जो वेळ तसाही घड्याळाकडे बघत जायचा, तोच वापरला. आधी दोन वर्षं 'रात्री जेवणानंतर शांतपणे वाचू' असं ठरवून पाहिलं होतं. रात्री जेवणानंतर शांतपणे झोप येते.

आधी हिशेब. आमच्या सार्थ प्रतीत अठरा अध्यायांच्या मिळून ९०३३ ओव्या आहेत. निरनिराळ्या प्रतींत हा आकडा थोडा मागेपुढे होतो आणि ओव्यांचे क्रमांकही सरकतात. म्हणून दोघं दोन पोथ्यांमधून वाचणार असाल तर दोन्ही एकाच संपादनाच्या घ्याव्यात, नाहीतर रोज 'तुझी तेविसावी कुठली?' यातच पाच मिनिटं जातात. शके १९४७ चा पाडवा ३० मार्च २०२५ ला होता आणि पुढचा पाडवा १९ मार्च २०२६ ला. म्हणजे हातात ३५४ दिवस. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असतं, हे भागाकार करायला बसलं की कळतं. ९०३३ भागिले ३५४ म्हणजे रोजच्या साडेपंचवीस ओव्या. पण सव्वीस धरल्या तर वर्षाकाठी जेमतेम सहा दिवस सुटीला उरतात. आमच्या वयात सहा दिवस एका खोकल्यात संपतात. तीस धरल्या की ३०२ दिवसांत ग्रंथ पुरा होतो आणि ५२ दिवस खिशात राहतात. आम्ही तीस धरल्या.

चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरून काढायचा नाही, हा यातला मुख्य नियम. नेम मोडतात ते भरपाईच्या ओझ्याने. एक दिवस चुकला की साठ, दोन चुकले की नव्वद, आणि चौथ्या दिवशी पोथी नजरेलाच नकोशी होते. चुकलेला दिवस त्या ५२ मधून वजा करायचा आणि पुन्हा तीसच वाचायच्या. दिनदर्शिकेवर वाचलेल्या दिवशी टिंब, चुकलेल्या दिवशी कारणाचं एक अक्षर.

तीस ओव्या नुसत्या म्हणायला सहा-सात मिनिटं लागतात. एकाने ओव्या वाचायच्या, दुसऱ्याने खालचा अर्थ वाचायचा, मध्ये अडलं तर थांबायचं, असं केलं की वीस-पंचवीस मिनिटं होतात. वाचन मोठ्याने करावं. मनातल्या मनात वाचताना डोळा ओवीवरून घसरतो आणि पान संपल्यावर काहीच हाती नसतं. मोठ्याने वाचताना चौथा चरण आखूड येतो, तिथे आपोआप दम घेतला जातो. सुरुवातीचे पंधरा दिवस भाषा अडते, मग ठरावीक दहा-बारा शब्दच पुन्हा पुन्हा अडतात हे लक्षात येतं. येऱ्हवीं म्हणजे एरवी, म्हणौनि म्हणजे म्हणून, जेवीं-तेवीं म्हणजे जसं-तसं, तंव म्हणजे तेव्हा, आणि पैं हा बऱ्याचदा नुसता आधाराला आलेला. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ते पान उघडं ठेवलं. महिन्याभरात त्याची गरज संपली.

अध्याय सारखे नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. पाचवा १८० ओव्यांचा, सहा दिवसांत संपतो आणि उगाच आत्मविश्वास देतो. सहावा जवळजवळ ५०० चा, त्यात कुंडलिनीचं वर्णन आहे आणि तिथे अर्थ वाचूनही सगळं समजेलच असं नाही. तिथे थांबून न राहता पुढे जावं. तेरावा हा खरा घाट. ज्ञानाची लक्षणं सांगताना अमानित्व, अदंभित्व, अहिंसा अशा एकेका शब्दावर ओव्यांच्या ओव्या येतात आणि आमच्या गतीने हा अध्याय ३९ दिवस चालतो. बहुतेकांचं वाचन इथे अडकून राहतं, कारण आपण पुढे सरकतोय असं वाटतच नाही. या अध्यायापुरता आम्ही क्रम बदलला. आधी अर्थ, मग ओवी. कशावर बोलणं चाललंय ते कळलं की दृष्टान्तांची गर्दी जाचत नाही, उलट पुढचा दृष्टान्त कुठला येईल याची वाट बघितली जाते. अठरावा तर १८१० ओव्यांचा, म्हणजे एकट्याचे दोन महिने. पण तोवर सवय झालेली असते.

बैठकीचं सांगायचं तर पाटावर मांडी घालून वाचायचा हट्ट आठव्या दिवशी सोडला. गुडघे दुखतात हे कारण आहेच, पण जमिनीवरून उठताना तोल जाण्याची भीती मोठी. हातांची खुर्ची आणि टेबल घेतलं, पोथी घडीच्या लाकडी स्टँडवर. सार्थ प्रत जड असते, हातात धरून वाचली तर दहा मिनिटांत मनगट बोलू लागतं. पान डोळ्यांपासून हातभरापेक्षा थोडं कमी, म्हणजे ३५-४० सेंटिमीटरवर. दिवा डाव्या खांद्यामागून. समोरून आला तर चकचकीत कागदावर तिरीप पडते. ओळ चुकू नये म्हणून काळ्या कार्डपेपरची बोटभर रुंद पट्टी ओळीखाली सरकवत नेली. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला ही पट्टी चष्म्याइतकीच कामाला येते.

वाचन झालं की चहाच्या आधी रक्तदाब मोजायचा. मात्र मोठ्याने वाचून लगेच मोजला तर आकडा चढा येतो. पोथी मिटून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाही, दंड उघडा आणि पट्टा हृदयाच्या पातळीवर. लघवी तुंबलेली नको. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. मोजताना बोलायचं नाही. ही अट पाळणं आमच्याकडे सगळ्यात अवघड गेलं. कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीनंतर किमान चार तासांनी घ्यायची, म्हणून ती दुपारच्या जेवणाबरोबर लावली. एका डबीत सगळ्या गोळ्या भरून सकाळी एकदम घेणारे लोक आहेत. त्यांची थायरॉईडची तपासणी वर्षानुवर्षं जागेवर येत नाही आणि दोष गोळीला जातो.

एकादशी हा आमच्याकडे वर्षातला सगळ्यात नाजूक प्रकार. वर्षाच्या चोवीस. जिथे स्मार्त आणि भागवत अशा दोन लागोपाठ येतात तिथे दोन्ही करणारी वडीलधारी माणसं आम्ही पाहिली आहेत. मधुमेह असेल तर एकच धरावी. वारकरी भागवत धरतात, आम्हीही तीच धरली.

उपास करू का, असं डॉक्टरांना विचारलं की उत्तर 'नको' असंच येतं, कारण प्रश्न मोघम असतो. आम्ही काय खाणार, किती वाजता खाणार आणि कुठली गोळी कधी घेणार, एवढं कागदावर लिहून नेलं. मग उत्तरही नेमकं आलं. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या उपासाला सारख्या नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ओढते, त्यामुळे उपासाच्या दिवशी धोका तिचा आणि इन्शुलिनचा. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एकदम कोसळण्याची भीती कमी. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी लघवीवाटे साखर आणि पाणी दोन्ही बाहेर टाकते, म्हणून ती चालू असताना निर्जळी उपास करूच नये. कुठली गोळी अर्धी, कुठली बंद, हे डॉक्टरांनी आपल्या हाताने लिहून द्यायचं असतं. शेजारच्या काकांच्या कागदावरून उतरवून घ्यायचं नसतं.

फराळाचं म्हणाल तर साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा घातला की साखरेला दुहेरी पायरी. मीटरने हे लगेच दिसतं. खिचडीनंतर दोन तासांनी आकडा दोनशेच्या वर गेला, राजगिऱ्याच्या थालिपीठानंतर तो खालीच राहिला. साबुदाणा अजिबात बंद केला नाही, मोठ्या दोन एकादश्यांना चार चमचे, दाण्याचं कूट भरपूर घालून. एरवीचा दिवस असा लावला: सकाळी वाचन, मग बिनसाखरेचं दूध आणि भिजवलेले पाच-सहा बदाम. बाराच्या आत वरीचा भात मोजून अर्धी वाटी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. चारला पेरू किंवा पपई. संध्याकाळी साडेसातला राजगिऱ्याच्या पिठात लाल भोपळा किसून केलेलं थालिपीठ आणि दही. वरीला 'तांदूळ' म्हणतात ते उगाच नाही. तीही धान्यासारखीच साखर वाढवते, वाटीचं माप सोडलं की गेलं. तळलेले वेफर्स आणि चिवडा घरात आणलाच नाही. सैंधव मिठाने रक्तदाब वाढत नाही ही समजूत घरोघरी आहे, पण तेही सोडियमचंच मीठ. आणि उपासाच्या दिवशी कपामागून कप चहा झाला की रात्री छातीत जळजळ होते, ती एकादशीच्या पदरात टाकू नये.

साखर सकाळी, बारा वाजता, चार वाजता आणि झोपताना अशी चारदा तपासायची. हात थरथरणं, गार घाम, एकाएकी भूक, बोलणं भरकटणं यातलं काहीही झालं तर वेळ न बघता तपासायची. सत्तरच्या खाली आकडा आला तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. साखर उपासाला चालते, तेव्हा 'उपास मोडेल' ही सबबही उरत नाही. एक बारकावा मात्र फार थोड्यांना माहीत असतो. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज मिसळलेलं आहे, त्यांना अशा वेळी साधी साखर उशिरा लागू पडते, कारण साखरेचं विघटन रोखणं हेच त्या औषधाचं काम. त्यांनी ग्लुकोज पावडरच घ्यायची. गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते एकदा भिंग लावून वाचावेत. आम्ही ग्लुकोजचा डबा देवघराच्या फळीवर ठेवला, कारण घरातली ती एकच जागा दोघांनाही डोळे मिटून सापडते.

वारी पूर्ण चालणं आता शक्य नाही, पण एक टप्पा चालता येतो. माउलींच्या पालखीचा लोणंद ते तरडगाव टप्पा साधारण आठ किलोमीटरचा आहे, आणि त्याच वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. पुणे-सासवड हा दिवे घाटाचा टप्पा सत्तरीच्या माणसाने निवडू नये. तो लांब आहे, आणि घाटात गर्दीतून बाजूला व्हायला जागा मिळत नाही. तयारी दोन महिने आधी दोन किलोमीटरपासून सुरू केली आणि दर आठवड्याला थोडं वाढवत आठवर नेली. त्याच चपला, तेच मोजे. नवं काही त्या दिवशी घालायचं नाही, आणि मधुमेहाच्या माणसाने अनवाणी तर नाहीच. पायाची बोटं आणि टाचा आदल्या रात्री बघून बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन लावलं. खिशात नाव, घरचा फोन नंबर आणि औषधांची यादी लिहिलेला कागद. रिंगणात घोडा धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. त्यात शिरायचं नाही, गर्दी पांगल्यावरही माती तिथेच असते. परतीचं आधी ठरवून ठेवा. पालखी मार्गावर वाहतूक वळवलेली असते आणि एसटीसाठी बरंच चालावं लागतं. एसटीत पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीनंतर फुकट, बायकांना कुठल्याही वयात अर्धं. आधार कार्ड जवळ हवं.

नोव्हेंबरात दोन कामं एकत्र आली, पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. यांचा क्रम महत्त्वाचा. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या मिळतो. पीपीओ क्रमांक (पेन्शनच्या आदेशावरचा), बँक खातं आणि आधार जवळ ठेवायचं, फोन कुणाचाही चालतो. वयाने बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठ्याचं यंत्र ते ओळखत नाही, तेव्हा चेहऱ्याचा मार्ग सोपा. पण ते ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं. एका डोळ्यावर पट्टी असली की बसा. म्हणून १ नोव्हेंबरनंतर पहिल्या आठवड्यात दाखला उरकला आणि मग डोळा. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत. मात्र आपलं रुग्णालय यादीत आहे का आणि आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे तारीख ठरवण्याआधी विचारावं. दारात पोचल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

मोतीबिंदू थंडीतच काढावा, ही जुनी समजूत. आता तो कुठल्याही ऋतूत काढतात. आम्ही हिवाळा निवडला तो घाम कमी येतो आणि तोवर तेरावा अध्याय मागे पडलेला असतो म्हणून. आधी डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासून घ्यावा. मधुमेहात पडद्यावर सूज किंवा रक्ताचे ठिपके असतील तर नुसतं भिंग बदलून वाचता येणार नाही, आणि लोक मग 'ऑपरेशन फसलं' म्हणतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन ही गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर ते डोळ्याच्या डॉक्टरांना न विसरता सांगायचं. त्या गोळीमुळे बुबुळाचा रंगीत पडदा ढिला पडतो आणि शस्त्रक्रियेत त्रास देतो. आधी माहीत असलं तर ते तशी तयारी ठेवतात. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असं वाटून ती यादीतून हमखास गळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही तेच, आणि ती आपल्या मनाने बंदही करायची नाही.

भिंग कुठलं बसवायचं हा प्रश्न वाचणाऱ्याने नीट विचारावा. साधं एकाच अंतराचं भिंग दूरचं स्पष्ट दाखवतं, वाचायला चष्मा लागतो. बहुअंतरी भिंगाने चष्मा सुटू शकतो, पण पडद्याचा दोष असेल तर ते सहसा सुचवत नाहीत, आणि रात्रीच्या दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. ज्यांना जन्मभर उणे नंबर होता आणि जे चष्मा कपाळावर सरकवून पोथी वाचत आले, त्यांनी हे आधीच सांगायला हवं. दूरचं भिंग बसलं की ती सोय कायमची जाते. आम्ही साधं, दूरचं घेतलं आणि वाचायला चष्मा स्वीकारला.

शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांची, थेंब मात्र सहा आठवड्यांचे. प्रतिजैविकाचा थेंब लवकर बंद होतो, स्टिरॉइडचा पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक कमी. हा सर्वसाधारण क्रम, आपला कागद वेगळा असेल तर तोच खरा. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला तासांच्या रेघा आखून प्रत्येक थेंबाला चौकोन केला आणि घातला की फुली. दोन वेगळ्या औषधांमध्ये पाच ते दहा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. स्टिरॉइडचं औषध बहुधा तळाशी साका बसणारं असतं, बाटली घालण्याआधी हलवावी लागते. न हलवता घातली तर सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटी सगळं औषध, असं होतं. आडवं व्हायचं, खालची पापणी बोटाने ओढून खळगा करायचा, बाटलीचं टोक कुठेही न टेकवता एकच थेंब टाकायचा, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलका दाबायचा. त्याने औषध घशात उतरून तोंड कडू होत नाही. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहून महिनाभराने टाकून द्यायची. बरं वाटतंय म्हणून थेंब आपणहून चालू ठेवणंही वाईट, स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढतो.

डोक्यावरून अंघोळ नाही, ओझं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, एवढं रुग्णालयातून छापील कागदावर मिळतं. देवघरातलं त्या कागदावर नसतं. साष्टांग नमस्कार आणि जमिनीला डोकं टेकणं काही आठवडे बंद, ओणवं झालं की डोळ्यावर ताण येतो. कपाळाला बुक्का लावायचा नाही, त्याची भुकटी थेट पापणीवर उतरते. आरती घेतल्यावर तळहात डोळ्यांना लावायची सवय साठ वर्षांची असते आणि हात आपोआप वर जातो. तीर्थ घेतल्यावर ओला हात डोळ्यांवरून फिरवण्याचंही तसंच, आणि हे सगळ्यात धोक्याचं, कारण ते पाणी तांब्याच्या भांड्यात रात्रभर उघडं असतं. उपाय एकच सापडला. पहिले पंधरा दिवस आरती आणि तीर्थ घेताना पारदर्शक गॉगल डोळ्यावर. हात काचेवर आपटला की आठवण होते. उदबत्ती दुसऱ्या खोलीत, फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराबाहेर. डोळा दुखू लागला, लाल झाला, दिसणं कमी झालं किंवा काळे ठिपके आणि चमका दिसू लागल्या तर रविवार आहे म्हणून थांबायचं नाही.

दोन डोळ्यांमध्ये चार आठवड्यांचं अंतर ठेवलं. या काळात एक डोळा नवा आणि एक जुना, जुन्या चष्म्याने चक्कर येते, नवा नंबर अजून ठरलेला नाही. वाचणाऱ्याची खरी अडचण हीच. पंधरावा, सोळावा आणि सतरावा हे तीन अध्याय म्हणून एकटीने वाचले आणि दुसऱ्याने ऐकले. ऐकणाऱ्यालाही काम हवं, नाहीतर सहा वाजता खुर्चीतच डोळा लागतो. ओवीतला दृष्टान्त संपल्यावर तो आपल्या शब्दांत सांगायचा, हे काम त्याच्याकडे दिलं. वाचायच्या चष्म्याचा पक्का नंबर दुसऱ्या डोळ्यानंतर महिना-दीड महिन्याने काढला. आधी घाई केली तर काच पुन्हा बदलावी लागते.

नातवंडं न्यू जर्सीत. त्यांच्याशी रविवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल, तिकडे सकाळचे दहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे जातं, मग आपल्या साडेसातला त्यांचे नऊ वाजतात आणि मुलं अंथरुणातच असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा उलट. दिनदर्शिकेवर हे दोन रविवार लाल करून ठेवले. मुलांना ओवीचा अर्थ सांगत बसलो नाही. त्या आठवड्यात अर्जुनाला किती नावांनी हाक मारली ते शोधायचा खेळ केला: किरीटी, पांडुकुमर, धनुर्धर, कपिध्वज, पार्थ. धाकट्याला कपिध्वज आवडला, कारण झेंड्यावर माकड. औषधांचे कागद, तपासण्या आणि विम्याची पानं फोनवर फोटो काढून मुलांबरोबरच्या एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवली, फाइलला तारीख आधी आणि नाव नंतर, म्हणजे क्रम आपोआप लागतो. दूरच्या मुलांना काळजी वाटते ती माहिती नसल्याने. कागद दिसले की फोनवर औषधांची उजळणी कमी होते आणि बोलायला वेळ उरतो.

बावन्न दिवसांचा जमाखर्च शेवटी असा निघाला: प्रवास चौदा, सुतक दहा, सर्दी-खोकला-ताप नऊ, लग्नकार्य पाच, दोन शस्त्रक्रियांचे चार, आणि आळस सहा. आळसाला वेगळं अक्षर ठेवलं होतं, तो प्रवासात लपवला नाही. फ्लूची लस पावसाळ्याआधी घ्यायला हवी होती, ती ताप येऊन गेल्यावर घेतली. ते नऊ दिवस बहुधा त्यातले. एकूण अठ्ठेचाळीस गेले, चार उरले, आणि पसायदान पाडव्याच्या आधी चार दिवस हातात ठेवून आलं. त्याच बैठकीत पहिल्या अध्यायाची पहिली ओवी वाचून खूण पुन्हा पहिल्या पानात घातली.

शके १९४८ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. पाडवा ते पाडवा ३८४ दिवस मिळतात आणि एकादश्या सव्वीस होतात. म्हणून रोजच्या ओव्या तीसवरून सत्तावीसवर आणल्या. त्याने ३३५ दिवस लागतील, एकोणपन्नास शिल्लक राहतील. गोळी पावणेसहालाच आहे.